मेल्यावर मिळालेली मेल

माझ्या नणंदेला स्वतःची निधनवार्ता जिवंतपणी ऐकायची आहे. ऐकायची अशासाठी, की डोळे आता कामातून गेलेत. मध्यंतरी बाथरूममध्ये घसरली, हाड वाचलं, पण तेव्हापासून हे खूळ डोक्यात बसलंय. मला मद्रासमधल्या तिच्या घरी, पेरांबूरला बोलावून घेतलं आणि कॉटवरूनच हुकूम सोडला, "पार्सल, माझं पेपरातलं तू लिही. आत्ता लिही. मी गेल्यावर तुम्ही लोक काय छापाल त्याचा नेम नाही."

पार्सल म्हणजे मी. माझे वडील सोलापूर स्टेशनवर पार्सल ऑफिसात क्लार्क होते. तिथेच बदलीवर आलेल्या एका तमिळ कॅथलिक मुलाशी मी नोंदणी पद्धतीने लग्न केलं आणि मद्रासला उतरले. तेव्हा ही माझी मोठी नणंद दारात उभी राहून आत ओरडली होती, "पार्सल वंदाच्चु!" पार्सल आलं. त्यानंतर मला या घरात दुसऱ्या नावाने कोणी हाक मारली नाही. मी तिला अक्का म्हणते. तिची बोली तमिळ आणि इंग्रजीची भेळ, ती इथे मी माझ्या मराठीत घातली आहे. मराठीतले शब्द तिला इतक्या वर्षांत दोनच आले, 'मूर्ख' आणि 'पुरे'. दोन्ही तिने माझ्यावरच खर्च केले.

पार्सल का, तर रेल्वेतही वरचे आणि खालचे असतात. एक गाडीबरोबर धावणारे आणि दुसरे फलाटावर बसणारे. बसणाऱ्यांना धावणाऱ्यांच्या घरात किंमत नसते. धावणाऱ्यांतही पुन्हा उतरंड: क्लीनर, फायरमन, शंटर, मग मालगाडीचा ड्रायव्हर, मग पॅसेंजरचा, आणि सगळ्यांच्या डोक्यावर मेलचा. शंटर बिचारा यार्डाबाहेर जातच नाही. इंजिन पुढे घे, मागे घे, डबे जोड, आणि जोडलेली गाडी दुसऱ्याच्या ताब्यात दे.

माझे सासरे मेल ड्रायव्हर होते. मी त्यांना पाहिलं नाही. ते गेले तेव्हा अक्का सात वर्षांची, दूर कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात, आणि माझा नवरा पाळण्यात. सासूबाई दोन मुलांना घेऊन जोलारपेटहून पेरांबूरला भावाकडे आल्या. बैठकीच्या खोलीत येशूच्या तसबिरीखाली एक चौकट होती, त्यात सासऱ्यांच्या स्मरणार्थ पेपरात दिलेली जाहिरात. घरात पाऊल टाकल्यावर माझी नजर त्या चौकटीवर गेली. मी तेव्हा बी.ए. पार्ट वन, दोन वेण्या, आणि डोक्यात अशी हवा की मद्रासला इंग्रजी जणू मीच घेऊन चालले आहे. चौकटीत त्यांच्या नावाआधी 'लेट' आणि नावानंतर 'मेल ड्रायव्हर' लिहिलेलं. मी वाचून दाखवलं आणि नवऱ्याला विचारलं, "एवढी उशिरा न्यायचे का गाडी, की पेपरात छापून आलं?"

सोलापूरला मी 'लेट' हा शब्द एकाच अर्थाने ऐकला होता हो! मद्रास मेल लेट, बाबांचं जेवण लेट. नवऱ्याला खोकल्याची उबळ आली. सासूबाईंना काही कळलं नाही, म्हणून अक्काने चवीचवीने तमिळमध्ये समजावून सांगितलं.

त्या दिवसापासून मेल ड्रायव्हरची मुलगी वर आणि पार्सल खाली. त्याचा मला राग होता, खोटं कशाला बोलू. पण त्या मेल ड्रायव्हरपायी अक्काचंही काही गेलं होतं, ते मला सासूबाईंनी स्वयंपाकघरात सांगितलं. मी यायच्या आधी बेसिन ब्रिजच्या शेडमधल्या एका मुलाने तिला मागणी घातली होती. चर्चमध्ये क्वायरला गायचा, निर्व्यसनी, अक्काला आवडतही होता म्हणे. पण होता शंटर. अक्का म्हणाली, माझ्या वडिलांचं इंजिन सगळ्या जिल्ह्यांतून धावलं, मी यार्डात संसार करू? मुलगा बदली घेऊन निघून गेला. अक्का रेल्वेच्या शाळेत मास्तरीण झाली, निवृत्त झाली, एकटी राहिली.

तर तिची निधनवार्ता. पहिली ओळ तिनेच सांगितली. अमुक अमुक, मेल ड्रायव्हर कैलासवासी तमुक यांची कन्या. (कैलासवासी मी म्हणते. त्यांच्यात कैलास नाही.) पुढचं मला जुन्या धर्तीवर लिहायचं होतं. या लोकांकडे माणूस गेलं की पेपरात येतं, मग पहिल्या वर्षी, दहाव्या, पंचविसाव्या, आणि कात्रणं प्रार्थनेच्या पुस्तकात जपून ठेवतात. सासूबाईंच्या पुस्तकातून मी वर्षश्राद्धाची सगळी काढली. फक्त पहिलं, सासरे गेले त्याच आठवड्यातलं, नव्हतं. अक्का हटून बसली, तेच हवं. मरताना पाद्रीच्या हातून शेवटचा संस्कार घेऊन मेले की न घेता, ते त्यातच असणार.

म्हणून नातीला घेऊन मी एग्मोरच्या जुन्या लायब्ररीत गेले. नात गिंडीला नोकरी करते, शनिवारी मोकळी असते, आणि मला मोकळं फिरू देत नाही. पिवळे पडलेले पेपर, हात लावला की कोपरे तुटायचे. तिनेच शोधलं. "आजी, हे बघ. पण यात ड्रायव्हर कुठाय?"

गाव जोलारपेट. विधवा पत्नी, एक मुलगी, एक तान्हा मुलगा. नाव तेच, तारीख तीच. आणि हुद्दा: शंटर.

मी एवढ्यांदा हसले की बाजूच्या टेबलावरचे गृहस्थ चष्मा काढून बघायला लागले. मग पर्समधली कात्रणं ओळीने मांडली. पहिल्या वर्षश्राद्धाला सासरे नुसते 'ड्रायव्हर'. दहाव्याला 'मेल ड्रायव्हर'. पंचविसाव्याला 'मेल ड्रायव्हर, स्पेशल ग्रेड'. आयुष्यभर यार्डात राहिलेला माणूस मेल्यावर धडाधड बढत्या घेत वर चढला होता, आणि वरचा साहेब कोण, तर सासूबाई.

"अक्कांना सांगणार?" नातीने विचारलं.

"आज संध्याकाळीच!" मी म्हणाले.

गेले नाही. दुसऱ्या दिवशी पेरांबूरच्या बसला बसले आणि मधल्याच स्टॉपवर उतरून घरी आले. घरात इकडून तिकडे, तिकडून इकडे. कपाट आवरलं, परत विस्कटलं. इतक्या वर्षांचं उट्टं काढायची संधी हातात, जीभ वळवळतेय, आणि मध्येच तो क्वायरमध्ये गाणारा शंटर आडवा यायचा. तिला ही ओळ तशीच ठेवून जाऊ दिली तर काय बिघडतं? आणि नाही सांगितलं तर तिच्या नावाखाली खोटं छापणारी मी. सासूबाईंची गादी पार्सलने चालवायची?

शेवटी मसुदा घेऊन गेले. ठरवलं, चूप बसायचं. वाचायला लागले आणि पहिल्याच ओळीत 'मे' म्हणून अडकले.

"काय झालं?" अक्का म्हणाली. "सिग्नल पडला नाही का?"

"अक्का, ते पहिलं कात्रण मिळालं."

"मग? संस्कार घेतले होते ना?"

"घेतले होते. पण तुझे वडील त्यात शंटर आहेत."

ती छताकडे बघत राहिली. डोळ्यांनी दिसत नाही, तरी बघत राहिली. मी तिचा हात धरला, तो तिने सोडवून घेतला.

"परत वाच."

मी परत वाचलं. मग कात्रणांतल्या बढत्याही वाचल्या, एकेक. स्पेशल ग्रेडला तिच्या ओठाचा कोपरा हलला.

"अय्यो, अम्मा," ती आईला उद्देशून म्हणाली, मला नाही. आणि मग माझ्याकडे वळून, एकदम ताठ: "शंटर म्हणजे काय समजलीस? त्याने गाडी जोडली नाही तर तुझा मेल ड्रायव्हर काय हातगाडी नेणार? तुझ्या बापाची पार्सलं कोण हलवायचं? मूर्ख."

मी हादरलेच. तिच्या वडिलांना खाली उतरवायला गेले होते, हिने यार्डच उचलून वर घेतलं. पार्सल होतं तिथेच.

"मग शंटर लिहू?" मी विचारलं.

तिने उशी पाठीशी ओढून घेतली. मग म्हणाली, "रोज सकाळी मी निधनवार्ता का वाचायचे, ठाऊक आहे?"

ते तर मला ठाऊकच होतं. कॉफीच्याही आधी तिला तोच रकाना लागायचा, हातात भिंग घेऊन. आपल्या बरोबरीचं कोण गेलं आणि आपण कशा उरलो, याचा आनंद घेते असं मी सगळ्यांना सांगत असे. नक्कलसुद्धा करून दाखवत असे.

"तो अजून आलेला नाही," अक्का म्हणाली. "एक दिवस सोडला नाही मी. डोळे गेल्यापासूनचं माहीत नाही. शेजारणीला कसं सांगणार कोणाचं नाव बघ म्हणून?"

तिने त्या क्वायरवाल्या शंटरचं नाव सांगितलं. अगदी स्पष्ट, आडनावासकट, वर्गात हजेरी घेतात तसं. तिचे डोळे गेल्यानंतरचे सगळे अंक मी नातीकडून फोनवर उघडून घेतले आणि वाचले. नव्हता.

"त्याच्या नावापुढे काय छापून येतं ते बघू," ती म्हणाली. "शंटर आलं तर माझ्या वडिलांनाही शंटर लिही. तो मेलवर चढला असेल तर आमचेही मेलवर राहू देत."

"आणि त्याच्या घरच्यांनी मागाहून चढवला असेल तर?"

"तर आमच्यासारखेच लोक आहेत."

"आणि त्याच्याआधी तूच गेलीस तर, अक्का?"

"तर जागा कोरी सोड. पुरे."

तेव्हापासून मसुद्यात पहिल्या ओळीत एक भोक आहे. ते मला घरात बसू देत नाही. चहा गाळता गाळता मी फोन उघडते, मेलेल्यांची नावं वाचते, आणि नात ओरडते, "आजी, सकाळी सकाळी काय हे!" तो नव्वदीच्या पलीकडे असणार. दुसऱ्या गावच्या पेपरात येऊन गेला असेल, किंवा कुठल्याच पेपरात आला नसेल. हे मी अक्काला बोलत नाही. रोज त्याच्या नावाच्या 'त' या अक्षराशी आले की माझा श्वास अडकतो, आणि तो नसला की सुटतो. आता अडकावा की सुटावा, तेही मला कळेनासं झालंय.

मग पेरांबूरहून फोन येतो.

"पार्सल, आला का?"

"नाही आला, अक्का."

"लेट आहे," ती म्हणते. "तुझ्या सोलापूरच्या अर्थाने."