गाडीखालचा कोरा पेपर

दवाखान्यात आमचं शेवटचं बोलणं झालं ते असं. नाकाला नळी, आवाज खोल गेलेला, आणि माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना आम्ही सगळे अक्का म्हणायचो, मला विचारतात, "थेंब पडला का गं?" मी म्हटलं, "नाही अक्का, पेपर कोरा आहे." "मग बरं..." म्हणाल्या आणि डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी भाऊजींचा, म्हणजे अक्कांच्या यजमानांचा, फोन आला, अक्का गेल्या. मरणाच्या दारात बाई, आणि काळजी मोटारसायकलच्या तेलाची! पण आमच्या घरचा कायदा ज्याला ठाऊक आहे, तो हसायचा नाही.

कायदा आत्याबाईंचा, म्हणजे आमच्या सासूबाईंचा. अक्का चिकलठाण्याच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला लागल्या. गारखेड्यातल्या आमच्या घराहून तेव्हा पहाटे रिक्षा मिळायची मारामार. मग त्यांनी माहेरहून वडिलांची जुनी मोटारसायकल आणली. सगळी गल्ली तोंडात बोट घालून बघत राहिली. आत्याबाईंनी नुकतीच बसवलेली पांढरी फरशी दाखवली न् म्हणाल्या, "उभी कर. पण तेलाचा एक थेंब जरी दिसला, तर त्याच दिवशी गाडी विकायची. गाडी गेली की नोकरी बी बंद." झालं! रोज गाडीखाली वर्तमानपत्र अंथरायचं आणि सकाळी आत्याबाईंनी चष्मा लावून ते तपासायचं. बातम्यांकडं ढुंकून बघायच्या नाहीत, नुसता थेंब शोधायच्या.

आणि एकदा पडला. आदल्या दिवशी गॅरेजात तेल बदललं होतं. पेपर आधी माझ्या हाती लागला, मी तो चुरगाळून पदराखाली घेतला. अक्कांनी तो ओढून काढला, हातानं सरळ केला आणि थेट आत्याबाईंपुढं धरला. "आत्याबाई, पडला. विका गाडी. फक्त कशानं पडला तेवढं बघू द्या." आत्याबाई म्हणाल्या, "बघ. उद्याच्या पेपरापातूर थांबते." अशी बाई मी दुसरी बघितली नाही! साडी खोचून खाली बसल्या, तेल पातेल्यात सोडलं. इंजिनखालच्या नटाचं वायसर, ती तांब्याची चपटी चकती, जुनंच, चेपून पत्र्यागत झालेलं, आणि गॅरेजवाल्यानं त्यावरच जोर लावून नट आवळलेला.

शहागंजातल्या दुकानात मी सोबत गेले. दुकानदार चाचा म्हणाले, "भाभी, पुरानाच पलटा के डालो. कस के बिठाओ, चलता." अक्का म्हणाल्या, "जास्त आवळलं की नटाचे आटे जातात, चाचा. दबायचं ते वायसरनं, आट्यांनी नाही." मग तांब्याचं एकेक वायसर काउंटरच्या काचेवर ठेवून बघितलं. जे डुगडुगलं ते परत. ज्याचं भोक नटाला ढिलं ते परत. चाचा हसायला लागले, "लडकी देखने आए जैसा देख रै भाभी!" घरी येऊन अक्कांनी नट पुसला, वायसर घातलं, आधी बोटांनी फिरवला आणि मग पान्यानं बेतानं बसवला. बसला म्हणताना हात थांबला.

सकाळी पेपर कोरा. आत्याबाई तो बराच वेळ उलटसुलट करत राहिल्या. मग निकाल दिला, "कालचा थेंब गॅरेजवाल्याचा. हिच्या नावावर नाय मांडायचा." तेव्हापासून तेल अक्काच बदलायच्या, दर वेळी नवं वायसर निवडून. पुढं तर आत्याबाईच पाहुण्यांना पेपर दाखवायला लागल्या, "आमची सून फटफटी चालवती. बघा, हाये का थेंब?" अक्का त्याच कारखान्यात सुपरवायझर झाल्या. त्यांचं बघून पाळीवरच्या कितीतरी पोरी गाडी शिकल्या. मलाही त्यांनीच शिकवली. लई अभिमान वाटतो मला त्यांचा, चारचौघांत सांगते.

तेरवी झाल्यावर विषय निघालाच. भाऊजी म्हणाले, "आता ती गाडी ठेवून काय करायचं? बघवत नाही. विकून टाकू." आत्याबाई कोपऱ्यात बसलेल्या. आता त्यांना दिसत नाही, ऐकू मात्र सगळं येतं.

"थेंब पडला का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग कशी विकता? अट काय होती?"

पुन्हा तो विषय कुणी काढला नाही.

गाडी आता मीच चालवते. गेल्या आठवड्यात तेल बदललं, वायसर काचेवर ठेवूनच निवडलं. सकाळी आत्याबाईंनी पेपर मागितला. मांडीवर पसरून या कडेपासून त्या कडेपर्यंत बोटांनी चाचपला... "कोरा हाये," म्हणाल्या. मग त्याची नीट घडी घातली आणि उशाखाली ठेवून दिली.