अंगठा न उठलेली आजी

चांदवडच्या रेशन दुकानाबाहेर मी आमच्या संघटनेची पत्रकं वाटत होते. भटक्या मेंढपाळांना कुठल्याही गावात धान्य मिळालंच पाहिजे, असं त्यात मीच लिहिलं होतं.

रांगेत एक म्हातारी धनगरीण होती. दोर वळून वळून तिचा अंगठा इतका गुळगुळीत झाला होता, की मशीनने तो तीनदा नाकारला. इथला चारा संपल्याने दुसऱ्याच दिवशी तिचा मुक्काम हलणार होता. मी दुकानदाराशी तावातावाने भांडले.

"ताई, मशीनच घेत नाय, मी काय करू?" तो म्हणाला.

म्हातारी पिशवी उघडून दाराशी निवांत बसली. तिच्या मुक्कामातल्या बाया गहू घेऊन बाहेर येत आणि न सांगता तिच्या पिशवीत दोन-दोन ओंजळी टाकत.

"मागं माझा अंगठा रुसला व्हता, आता हिचा," एकजण हसली.

मला म्हातारीचा हेवा वाटला. एकीवर भाषणं ठोकणाऱ्या आमच्या संघटनेचे तोवर तीन तुकडे झाले होते.

"आजी, तुमच्या हक्काचा गहू आत आहे," मी जरा चिडूनच म्हणाले.

"मंग भांड की, सोडू नको. पन पोरी, तुझा अंगठा नाय उठला तर तुझ्या पिशवीत कोन घालंल?"

मी नावं आठवू लागले. तिने पिशवीचं तोंड बांधलं, ओझं डोक्यावर घेतलं, ती निघाली, तरी मला एकही नाव सापडलं नव्हतं.