कात्रीशेठचा खण

९ फेब्रुवारी. मिरच्यांचे देठ खुडते आहे. हात जळले की पाणी नाही, तेल लावायचं, हे मला कात्रीशेठनी शिकवलं. उद्या ते दुकान सोडून मुलाकडे सुरतेला चालले आहेत. अख्खं गाव निरोपाला जाणार. मी जावं की नाही, हे अजून ठरत नाही.

आमच्या गावात मेडिकल एकच. कानामागे पेन्सिल, हातात कात्री, म्हणून त्यांना कात्रीशेठ म्हणायचे. स्ट्रिप कापायची, हव्या तेवढ्या गोळ्या कागदी पुडीत घालायच्या. पुडीवर सूर्य काढला तर सकाळची, चंद्र काढला तर रात्रीची. वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्यांचीही गोळी कधी चुकली नाही. कोणत्या घरात कुणाला काय चालू आहे, त्यांना तोंडपाठ.

खोक्यातला माहितीचा कागद मात्र ते देत नसत, खणात टाकत. मी एकदा मागितला तर म्हणाले, "ताई, कागद वाचीसन माणूस जास्त आजारी पडस. मी शे ना!"

मला पटलं. सगळ्यांनाच पटायचं.

मागच्या वर्षी लेक बारावीला होती. तोंडभर मुरुमं. घरातल्या आरशावर टॉवेल टाकून ठेवायची. शेठनी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय कॅप्सूल दिल्या. पुडीवर चंद्र. "दोन महिनामा तोंड साफ व्हई जाई."

तोंड साफ झालं. पोर मात्र गप्प होत गेली. ताट अर्धं, पुस्तक उघडं, नजर भिंतीवर. मी म्हटलं, अभ्यासाचा कंटाळा आहे, नाटकं बंद कर. मग एका दुपारी, अशाच मिरच्या निवडताना, ती म्हणाली, "आई, मी नसले तर तुझं काय अडेल?"

मी होते तशी उठले आणि तिला घेऊन नंदुरबारची जीप पकडली.

कापलेल्या तुकड्यांवर औषधाचं नाव नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी माझ्या फोनवरून शेठनाच विचारलं. फोन स्पीकरवर होता. त्यांनी नाव सांगितलं आणि सहज म्हणाले, "हां, मन्ही भाचीलेबी असंच व्हयनं व्हतं. मी तिले गोळी बंद करी दिधी."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिचं यानेच झालं, असं मी छातीठोक सांगणार नाही. पण काहींचं मन या औषधावर खचतं. ते आधी सांगायलाच हवं होतं."

कॅप्सूल बंद झाल्या, उपचार सुरू झाले, लेक हळूहळू सावरली. शेठ घरी येऊन म्हणाले, "सांगं असतं तं तुमी पोरले दिधी नसती, ताई." त्यांच्या हिशेबी ही सबब होती. मी चहा ठेवला नाही. त्यानंतर आम्ही बोललो नाही. औषध नंदुरबारहून आणायला लागले.

१० फेब्रुवारी. सकाळी हाताचं तेल पुसून दुकानात गेले. हार घालणाऱ्यांमधून आत शिरले, खण ओढून काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

"कोना घरना कोनता कागद, सांगा."

 ते एकेक कागद उचलून नावं सांगू लागले. त्यांच्याच पेन्सिलीने मी वर लिहीत गेले. ते कुठेही अडखळले नाहीत. घड्या घालून घालून मऊ झालेला एक कागद मात्र त्यांनी हातातच धरून ठेवला.

"हाऊ मन्ही भाचीना."

"मन्ही पोरना बी," मी म्हटलं आणि काढून घेतला.

बाहेर सुरतेच्या गाडीने हॉर्न दिला. मी गठ्ठा काखेत मारून पहिल्या घराकडे निघाले.