नजरेनं विचारणारे इनामदारकाका

इनामदारकाकांनी कुठल्याही बाईला ‘नाचायला येता का’ असं तोंडानं कधी विचारलं नाही. भिंतीशी ताठ उभे राहायचे आणि समोर बघायचे. तिनं मानेनं होकार दिला तरच पाऊल उचलायचे. तिनं नजर फिरवली की विषय संपला. “टँगोत हीच रीत आहे,” ते म्हणायचे. “नाही म्हणायचेसुद्धा समोरच्याला कष्ट पडता कामा नयेत.”

२०१३ साली मी जर्मनीत झिंडेलफिंगेनला मोटारींच्या कारखान्यात नोकरीला लागलो. बायको पुण्यात. इथे रविवारी दुकानंही बंद, त्यामुळे खोली नुसती खायला उठायची. म्हणून चर्चच्या हॉलमधल्या टँगोच्या वर्गात शिरलो, तर हे सत्तरीचे निवृत्त इंजिनिअर अस्सल पुणेरी मराठीत माझ्या पावलांना नावं ठेवायला हजर!

वर्गात एक जुनं गाणं हमखास लागायचं. मला ते प्रेमाचं वाटे. काका वैतागले. “अरे, कसलं प्रेम! घरदार सोडून बोटीनं अर्जेंटिनाच्या परक्या बंदरात कामाला आलेल्या माणसांचं गाणं आहे ते. बायका कमी, म्हणून पुरुष पुरुषांबरोबरच नाचाचा सराव करायचे. यातला माणूस घरचं कोणी येईल म्हणून बोट यायच्या दिवशी दाढी करतो, इस्त्रीचा शर्ट घालतो, धक्क्यावर जातो आणि एकटाच परत येतो. रडतबिडत नाही. पुढच्या बोटीला पुन्हा दाढी करतो. गेनाऊ, अगदी एवढंच!” गाण्यातलं पेटीसारखं वाद्य मूळचं जर्मन, हेही त्यांनीच सांगितलं. “तेही बिचारं तिकडे गेलं आणि तिकडचंच झालं.”

वर्ग सुटला की काका फ्लेगेहाइमला जात. त्या वृद्धाश्रमात मंदाकाकू तीन वर्षं होत्या. पूर्वी दोघं मिळून नाचायला जायची. आता काकूंची स्मृती गेली होती, नवराही ओळखू येत नव्हता. एका रविवारी काकांनी मलाही नेलं.

काकांनी फोनवर तेच गाणं लावलं आणि दारातच उभे राहून काकूंकडे बघू लागले.

“परक्या माणसानं हात धरला की घाबरते ती,” ते हळूच म्हणाले. “तिनं बोलावलं तर जायचं. नाहीतर आल्झो, तर मग घरी.”

“कधी बोलावलं?”

“अजून नाही.”

तीन वर्षं हा माणूस असा उभा होता.

काकूंनी वर बघितलं. नजर काकांवरून सरकली, माझ्यावर थांबली आणि त्यांनी मानेनं हो म्हटलं. मी चरकलो. काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “जा. बोलावल्यावर जायचं असतं.”

काकूंची पावलं माझ्यापेक्षा कितीतरी सफाईनं पडत होती. गाणं संपत आलं तेव्हा त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, “ते दारातले गृहस्थ नेहमी येतात हो. त्यांना घरचं कोणी नाही का?”

मी त्यांना हलकेच खुर्चीत बसवलं.

परतताना बसमध्ये काकांनी विचारलं, “काय म्हणत होती रे?”

“तुमच्याबद्दल विचारत होत्या.”

“माझ्याबद्दल? नक्की?”

“हो, काका.”

काका सरसावून बसले. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

“बघ,” ते म्हणाले, “अजून विचारते.”