जहाजावरचे सात टब

माझ्या सासूबाईंनी आमच्या मखमलाबादच्या मळ्यातल्या विहिरीत एकसष्ट मुलांना पोहायला शिकवलं. आकडा त्यांचाच, आणि एकसष्ट नावंही त्यांना तोंडपाठ आहेत. त्यातला एक जण ओझरच्या विमान कारखान्यात माझ्या शेजारच्या विभागात आहे. कँटीनमध्ये भेटला की माझी चौकशी न करता आधी विचारतो, "गुरुमाय कशा आहेत?"

सिंधुबाई विधाते, वय त्रेसष्ट. माहेर विंचूरकडचं. त्यांच्या वडिलांनी, पुंजाबाबांनी, त्यांना सहाव्या वर्षी पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून विहिरीत सोडलं होतं. लग्न होऊन इकडे आल्या तेव्हा सुनेला पोहता येतं, ही काही सांगण्यासारखी गोष्ट नव्हती, म्हणून कोणी सांगितली नाही. ती कळली चौथ्या महिन्यात. शेजारच्या मळ्यातला झिपरू खेळता खेळता विहिरीत पडला. माणसं दोर शोधत धावत होती. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, हातातली मेथीची जुडी खाली ठेवली, पदर खोचला आणि उडी मारली. माझे सासरे मोतीराम यांना आजही पोहता येत नाही. ते काठावरून बघत राहिले, ते अजून त्याच कौतुकाने बघतात. दुसऱ्या दिवशी झिपरूची आई त्याला हाताला धरून घेऊन आली आणि म्हणाली, "आता शिकवून टाक याला." तिथून सुरुवात.

आता विहिरीवर लोखंडी जाळी आहे. गावातली मुलं शहरातल्या तरण तलावांवर क्लासला जातात. पण गेल्या हिवाळ्यात जहाजावर जायचं ठरलं, तेव्हा आईंच्या अंगात पुन्हा उत्साह संचारला.

जहाजावर जायचं कारण म्हणजे माझा नवरा नवनाथ. त्याचं दिंडोरी रोडला कृषी सेवा केंद्र आहे. शेतीची औषधं बनवणाऱ्या एका कंपनीने जास्त माल विकणाऱ्या दुकानदारांना सहकुटुंब मुंबई ते गोवा आणि परत अशी तीन रात्रींची सफर दिली. सासऱ्यांनी शेवंतीचा तोडा आहे म्हणून अंग काढून घेतलं. आम्ही चौघं निघालो: नवनाथ, मी, आई आणि आमची सव्वादोन वर्षांची तेजस्विनी.

मी कारखान्यात क्वालिटी तपासते. कागदावर लिहिलेलं वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्यामुळे तेजूसाठी पाण्यात घालायचे खास डायपर मी आधीच मागवले होते. साधं डायपर पाण्यात टाकलं की उशीसारखं फुगतं. हे फुगत नाही. घट्ट चड्डीसारखं बसतं, पण ते फक्त घट्ट ऐवज अडवतं, तोही थोडा वेळ. बाकीचं पाण्यात जातंच. हे मी आईंना वाचून दाखवलं तर त्या हसल्या.

"मग घालायचंच कशाला? आपली तेजू शी-शू सांगती आता."

सांगायची, हे अर्धं खरं. महिनाभर आई तिला रोज सकाळी बांधावर नेत होत्या. चार दिवस ती सांगायची आणि पाचव्या दिवशी सोफ्यावर बसून हसायची.

जहाज सुटलं आणि तासाभरात आम्ही वरच्या डेकवर पोहोचलो. निळाशार पूल, कडेला आरामखुर्च्या, आणि तेजू दोन्ही हात पसरून पाण्याकडे धावत सुटलेली. पाटी मी वाचली. डायपर घालणाऱ्या मुलांना पुलात प्रवेश नाही. पाण्याचं डायपर असेल तरी नाही. लहानग्यांसाठी जमिनीतून कारंजी उडणारी वेगळी जागा होती, तिथे ते चाललं असतं. पण तिच्याभोवती पिवळी पट्टी बांधलेली होती, दुरुस्ती चालू.

लाइफगार्ड वेंगुर्ल्याची एक उंच, तरतरीत मुलगी होती. तिने तेजूकडे बघून विचारलं, "बाळ सगळं सांगतं का? पूर्ण सवय लागलीये?"

माझ्या पिशवीत डायपरचं पाकीट होतं. मी ते काढत तोंड उघडणार, तोच आई म्हणाल्या, "हो तर. कधीची लागली."

मी गप्प बसले. क्वालिटीवाली बाई असून गप्प बसले, हे इथे लिहायलाच हवं.

पुढची वीस मिनिटं फार सुंदर गेली. आईंनी साडी वर खोचून पुलाच्या पहिल्या पायरीवर बैठक मारली आणि तेजूला दोन्ही हातांवर आडवं धरलं. "पाय मार, पाय मार, बेडकीसारखे." तेजू पाय मारत होती, खिदळत होती. नवनाथ फोटो काढत होता. शेजारच्या पायरीवर सटाण्याच्या कमळाबाई त्यांच्या नातीला घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या मुलाचं तिकडे कांद्याच्या बियाण्याचं दुकान आहे. त्या जरा भित्र्या, नातीचे नुसते पाय ओले करत होत्या.

मग तेजू एकदम शांत झाली. लांब कुठेतरी बघायला लागली. ज्यांनी मुलं वाढवली आहेत त्यांना ती नजर माहीत असते. आईंनी तिला झटकन उचललं, पण उशीर झाला होता. दुपारच्या जेवणात तिने कलिंगड भरपूर खाल्लं होतं, एवढंच सांगते.

शिट्टी वाजली. सगळ्यांना पाण्याबाहेर काढलं. पन्नासेक माणसं निथळत उभी राहिली. त्यात कंपनीचे विभागीय साहेबही होते, पोटावर टॉवेल धरून. पूल बंद, पाणी शुद्ध करून पुन्हा तपासेपर्यंत कोणी उतरायचं नाही, आज तर नाहीच, असं लाइफगार्डने जाहीर केलं.

"कोणाचं पोरगं होतं?" मागून कोणीतरी ओरडलं.

तोवर तेजू टॉवेलात गुंडाळलेली माझ्या कडेवर होती. पायरीवर ओले पाय घेऊन उभी होती ती कमळाबाईंची नात. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर गेल्या. एक बाई मोठ्याने म्हणाल्या, "कळत नाही का लोकांना? पाटी वाचता येत नाही?" कमळाबाईंची सून रडवेली झाली. कमळाबाई घाबरून आपल्या अहिराणीत सांगत होत्या, "मनी नात पानीमा उतरनीच नही वो माय!" पण ऐकतंय कोण?

नवनाथने माझा दंड धरला. "चल खोलीत. पटकन." साहेब समोर उभे होते, त्याचंही बरोबर होतं. मी दोन पावलं टाकली. आई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"ओ ताई," ओरडणाऱ्या त्या बाईंना त्या म्हणाल्या. आवाज मळ्यातला, या बांधावरून त्या बांधावर जाणारा. "त्या लेकराला नका बोलू. माझी नात होती ती. सवय लागली म्हणून मी खोटं सांगितलं. त्यांचा काय दोष नाय, या पोरीचा बी नाय." त्यांनी लाइफगार्डकडे बोट केलं. "चूक माझी हाय."

साहेबांनी टॉवेल सावरला. नवनाथ खाली मान घालून जिन्याकडे चालायला लागला.

जहाजावरचा एक अधिकारी आला. एका कागदावर आईंची सही घेतली आणि अगदी सभ्यपणे समजावलं की हे पाणी सगळ्यांचं असतं, एका मुलाचं पोट बिघडलेलं असेल तर दहा मुलं आजारी पडतात. आई मान हलवत राहिल्या. संध्याकाळी त्या जेवायला आल्या नाहीत. मी थाळी घेऊन खोलीत गेले, तर खिडकीशी बसल्या होत्या.

"आई, झालं ते झालं. खा थोडं."

"झालं कसं? आपल्या विहिरीच्या पाण्यात मेथी-कोथिंबीर धुवून बाजारात जायची. पोर पोहायला आलं की आधी बांधावर पिटाळायचे मी. जाऊन ये, मंग पाण्यात. एकाने खोटं सांगितलं तर आठ दिवस येऊ नाय दिला त्याला. माझ्या विहिरीवर माझा नियम. अन् लोकांच्या पाण्यावर मी शहाणी!"

"मीही बोलले नाही," मी म्हणाले.

"तू पाकीट काढत होती. मी बघितलं."

मग दोघी हसलो आणि त्यांनी दोन घास खाल्ले. नवनाथ मात्र रात्रभर भिंतीकडे तोंड करून झोपला.

सकाळी मी उठले तर आई खोलीत नव्हत्या. शोधत वर गेले. त्या लाइफगार्डशी बोलत होत्या. आधी माफी मागून झाली असावी, कारण ती मुलगी हसत होती.

"मोठ्यांना पूल, पोरांना पूल," आई म्हणत होत्या, "अन् ही दोन-दोन वर्षांची लेकरं? कारंजं तर बंद. त्यांनी काय खिडकीतून समुद्र बघायचा?"

"काकू, खोलीत आंघोळीला बाळांचे टब मिळतात. हाउसकीपिंगला सांगा, आणून देतील."

"किती हायेत?"

"असतील सहा-सात."

"वर आणले तर चालतील? त्या तिकडं, सावलीत? पुलापासून लांब."

लाइफगार्डने कालच्याच अधिकाऱ्याला बोलावलं. त्याने आईंना ओळखलं आणि त्याच्या भुवया वर गेल्या. पण ऐकून घेतलं त्याने. शेवटी अटी घातल्या: प्रत्येक मूल वेगळ्या टबात, पाणी वीतभर, पाण्याचं डायपर घातलेलं, मोठ्या माणसाचा हात सतत टबावर, आणि झालं की पाणी ओतून टब धुवायचा. मी त्या कागदावर लिहून काढल्या आणि कोपऱ्यातल्या खांबाला चिकटवल्या. माझ्याकडचं पाकीट बारा डायपरचं होतं. ते मी वाटून टाकलं.

दहा वाजता सात टब मांडून तयार होते, निळे आणि गुलाबी. पाणी कोमट. डेकवर रडणारी, कंटाळलेली, पुलाच्या काचेला नाक लावून उभी असलेली मुलं शोधायला काही वेळ लागला नाही. पहिल्या टबात तेजू. मग निफाडच्या एका दुकानदाराची जुळी, दोघांना दोन. कालच्या त्या ओरडणाऱ्या बाईही आल्या, त्यांचा नातू दीड वर्षांचा निघाला. आईंनी काही न बोलता चौथा टब त्यांच्याकडे सरकवला.

कमळाबाई लांब खुर्चीवर बसून होत्या. आई स्वतः उठून त्यांच्याकडे गेल्या.

"काल माझ्यापायी तुम्हाला ऐकून घ्यावं लागलं."

"तू सांगी दिनं ना," कमळाबाई म्हणाल्या. "कोन सांगस आजकाल?" मग टबांकडे बघून हळूच विचारलं, "मनी नातले बी बसाडू का?"

"तिच्यासाठीच राखून ठेवलाय."

आणि आईंचा वर्ग सुरू झाला. मी त्यांना विहिरीवर शिकवताना कधी पाहिलं नव्हतं. लग्न होऊन आले तोवर जाळी बसली होती. त्यांनी एकाही मुलाला घाई केली नाही. आधी हाताने पाणी थोपटायचं. मग ओंजळीतलं पाणी आजीच्या तोंडावर मारायचं, याला सगळ्यांत जास्त मागणी. मग पाण्यावर फुंकर घालायची, गरम चहावर घालतात तशी. "फुंकर आली की नाकातोंडात पाणी जात नाय," त्या आयांना सांगत होत्या. "पोहणं मंग शिकतंय. आधी पाण्याची भीती जाऊ द्या." जुळ्यांपैकी एकाने टबातलं अर्धं पाणी भावावर रिकामं केलं. कमळाबाईंची नात, जिचे काल नुसते पाय ओले झाले होते, ती टबातून बाहेर यायला तयार होईना. तिला काढताना तिची आजी कमरेपर्यंत भिजली आणि पहिल्यांदाच खदखदून हसली.

मध्ये एका टबात अपघात झालाच. आईंनी शांतपणे टब उचलला, ओतला, धुतला, पुन्हा भरला. शिट्टी नाही, आरडाओरडा नाही. "ज्याचं पाणी त्याचं," त्या म्हणाल्या. अधिकारी लांबून बघत होता. दुपारी गोवा बघून आलो, तर हाउसकीपिंगवाल्यांनी टब आपणहून वर मांडून ठेवले होते.

नवनाथ मात्र आईंशी अजून बोलला नव्हता. परतीच्या दिवशी सकाळी तो खोलीत आला, हातात जहाजावरच्या दुकानातली पिशवी. ती आईंच्या पुढ्यात ठेवून म्हणाला, "बघ मापाचा आहे का."

आत पोहण्याचा पोशाख होता, पूर्ण बाह्यांचा, पायघोळ, गडद जांभळा.

"हे काय रे?"

"पूल उघडलाय. साडीवर उतरू देत नाहीत." मग दुसरीकडे बघत, "साहेब विचारत होते, त्या टबवाल्या आजी तुमच्याच का. मी म्हटलं, हो, माझी आई."

आईंनी पोशाख अंगाला लावून पाहिला, लाजल्या, मला दार लावायला सांगितलं. अर्ध्या तासाने त्या पुलाच्या कडेला उभ्या होत्या. अंगावर तो जांभळा पोशाख, कपाळावर मोठं कुंकू आणि गळ्यात पोत. उडी मारायला मनाई होती, म्हणून शिडीने उतरल्या. मग भिंतीला पाय लावून सुटल्या. लाटा न उठवता, मान वर, सरळ रेषेत त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या. लाइफगार्ड खुर्चीवरून उभी राहिली.

"काकू, किती वर्षांनी पोहताय?"

"अकरा," आई म्हणाल्या आणि वळून परत निघाल्या.

किती फेऱ्या झाल्या ते मी मोजलं नाही. मला फोटो काढायचे होते. सासऱ्यांना दाखवायचे होते.

बाहेर आल्यावर मी टॉवेल दिला आणि विचारलं, "कसं आहे पाणी?"

त्यांनी केस पिळले, थोडा विचार केला. "स्वच्छ हाय. पण तळ लगेच दिसतोय. मजा नाय."

मुंबईला उतरताना कमळाबाईंनी आईंचा फोन नंबर माझ्याकडून घेतला. आता दर रविवारी त्यांचा फोन येतो आणि दोघी तासभर बोलतात, एक अहिराणीत, एक आपल्या बोलीत. कमळाबाईंची नात मोरीत बसून फुंकर घालते, हा पहिला विषय. मग सुनांचा. माझं नाव निघालं की आई फोन घेऊन अंगणात जातात.