अजबखान्यातले माझे जोडे

त्या सालात कुठं सातासमुद्रापलीकडं लढाई लागली अन् आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत ज्याच्यात्याच्या पायात करकरणारे नवे जोडे आले. मी नाही घेतले. बापाचे होते, त्यांनाच ठिगळं लावून, तेल पाजून वापरत होतो. चांगले होते.

लेकीची सोयरीक पक्की करायला अकोल्याला गेलो. मुलाचा बाप, म्हणजे होणारा इवाई, गोड बोलला, पण नजर माझ्या पायावर. म्हणाला, "बोलनं मंग करू. आधी तुमाले अजबखाना दाखवतो." मी समजलो, हा टाळून राहिला.

आगगाडीच्या रस्त्यासाठी खोदताना जुन्या काळचं काहीबाही निघालं होतं. ते एका साहेबानं बंगल्यामागच्या पडवीत फळ्यांवर मांडलं होतं, तोच हा अजबखाना. आत देवाच्या मूर्ती दिसल्या, म्हणून मी जोडे दाराशी काढले. तिथंच नुकतीच गाडीतून उतरवलेली, मातीनं भरलेली भांडी पडली होती. शिपाई ती आत नेऊन मांडत होता.

"दगडायपुढं कोनी जोडे काढते काय, भाऊ?" म्हणत इवाई तसाच करकरत आत शिरला.

"तुमच्यासाठी दगड असतीन," मी म्हणालो.

मुंडकं नसलेला नंदी, फुटके रांजण पाहत आम्ही फिरलो. शेवटच्या फळीपाशी इवाई थबकला.

"अबब! कातडं पाहा! शिवन पाहा! हजार वर्सायचे असतीन. राजाबिगर कोन घालीन असे जोडे?"

माझेच होते! शिपायानं भांड्यांबरोबर उचलून मांडले होते.

मी ते खाली घेतले अन् पाय घातले.

शिपाई धावला. "अरे ओ! साहब की चीज है! उतार!"

"बोलाव तुया सायबाले. त्याच्या पायात बसले तं त्याचे."

साहेब आला. भला माणूस, खरंच बूट काढून बसला. टाच काही आत जाईना. शिपायानं मागून रेटलं, तसा साहेब नंदीवर आडवा झाला अन् हसत सुटला. "तुझे! तुझे!"

बाहेर आल्यावर मी विचारलं, "मंग? राजाच्या घरची पोरगी चालते काय?"

इवायाचं तोंड पाहण्यासारखं झालं. आता बोललेलं गिळणार कसं? "चालते. पन लग्नात तरी नवे घालसान?"

"नाही."

"पोरगी तुमच्यावर नाही न गेली?"

"अगदी माह्यावर."

त्यानं कपाळाला हात लावला. मग समोरच्या दुकानातून सोयरिकीचा नारळ घेतला अन् भर रस्त्यात माझ्या हातात ठेवला.