भट्टीवालीकडचे बिऱ्हाडकरू

त्या सकाळी भट्टीवालीनं पावाची अख्खी लादी जाळली. धूर रस्त्यापर्यंत गेला, तेव्हा कुठे तिला भट्टीचं दार आठवलं. मग ती पुढचं पीठ मळायला लागली आणि मळतच राहिली.

"त्या पिठानं तुझं काय घोडं मारलंय?" नवऱ्यानं विचारलं.

"गप बसा. तुमचा भाऊ असता तर कळलं असतं."

तिचं दुखणं नवऱ्याला ठाऊक होतं. तिचा धाकटा भाऊ बारक्या घड्याळजी होता. माशीच्या पायाएवढा स्क्रू चिमट्यात धरून तो श्वास रोखायचा, तेव्हा गिऱ्हाईकही श्वास रोखून बघायचं. पण त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. यंत्रावर रक्त धुवून घेऊन आला की त्याचा हात थरथरायचा. भट्टीवालीनं आपलं एक मूत्रपिंड त्याला द्यायचं ठरवलं. रक्त जुळलं, बाकीच्या तपासण्या पार पडल्या, ऑपरेशनची तारीखही मिळाली. आणि लादी जळायच्या आदल्या संध्याकाळी इस्पितळातून फोन आला, की तुमच्या लघवीत जंतू भरपूर सापडलेत, तारीख पुढे गेली.

हातात पीठ होतं, पण जीव थाऱ्यावर नव्हता. हात धुऊन ती तडक इस्पितळात गेली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "लघवीला जळजळ? सारखं जावं लागतं? ताप, कंबरदुखी?"

"काही म्हणजे काही नाही. पिठाचं पोतं अजून एकटी उचलते."

"नमुना कधी दिलात?"

"धरला पहाटेच. तुमची प्रयोगशाळा उघडेपर्यंत गार पडून खराब होऊ नये म्हणून भट्टीवरच्या फळीवर ठेवला. बाटलीचं झाकण घट्ट होतं हो!"

"त्या फळीवर एरवी काय ठेवता?"

"पीठ. फुगायला." एवढं बोलून ती थांबली आणि तिनं पदर तोंडाला लावला.

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. "अहो, कातडीवरचे चार-दोन जंतू बाटलीत उतरले असतील. तुम्ही ऊब दिलीत, त्यांनी गाव वसवलं! आता इथेच नमुना द्या. आधी धुवायचं, पहिली धार सोडून द्यायची, मधली धरायची."

भट्टीवाली हलक्या पायांनी घरी आली. पण निकाल येईपर्यंतचे दिवस तिला खायला उठले. फोन वाजला की ती पीठ टाकून धावायची, नाही वाजला तरी तो उचलून बघायची.

निकाल आला. जंतू पुन्हा तेवढेच होते.

"आता फळीला बोल लावता येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकाच जातीचे आहेत, संख्याही मोठी. हे खरंच तुमच्या मूत्राशयात राहतायत."

"म्हणजे मी आजारी?"

"नाही. तुमच्या वयाच्या कितीतरी बायकांकडे असे बिऱ्हाडकरू असतात. ना भांडण, ना तंटा. एरवी मी गोळीसुद्धा दिली नसती. उगाच औषधं दिली तर हे जंतू निर्ढावतात, आणि खरी गरज पडते तेव्हा औषध चालत नाही. पण तुमचं मूत्रपिंड जाणार भावाकडे. त्याच्या शरीरानं ते झिडकारू नये म्हणून जी औषधं द्यायची, त्यांनी त्याची लढायची ताकदच कमी होते. तुमच्याकडे गुमान राहणारे त्याच्याकडे धुमाकूळ घालतील. म्हणून तुम्ही मात्र गोळ्या घ्यायच्या, मग पुन्हा तपासायचं."

आपल्या अंगात निवांत राहिलेली गोष्ट बारक्याचा जीव घेऊ शकते, हे काही तिच्या पचनी पडेना. गोळ्या घेऊनही ती घरभर येरझाऱ्या घालत होती. त्यात बारक्यानं पाय मागे घेतला.

"ताई, राहू दे. तुझं शरीरच नाही म्हणतंय. यंत्रावर जगतोच आहे की मी."

"याला जगणं म्हणतोस? काल गिऱ्हाइकाच्या घड्याळाचा काटा शोधत दुकानभर रांगत होतास. तुझ्या बायकोनं सांगितलं मला."

"तिला तोंड आवरत नाही."

"आणि तुला भीती. खरं सांग."

बारक्यानं मान खाली घातली. "आहे भीती. जंतूंची नाही. तुला टेबलावर काही झालं, तर भावजींना आणि तुझ्या पोरींना मी तोंड कसं दाखवू?"

"आणि तू नाही म्हणालास तर मी कुणाला तोंड दाखवू?" भट्टीवाली म्हणाली.

गोळ्या संपल्या, नमुना गेला. ती पाव विकत असतानाच फोन आला. लघवी स्वच्छ होती. तारीख मिळत होती, पण मूत्रपिंड घेणाऱ्याचा, म्हणजे बारक्याचा, होकार आजच्या आज हवा होता. गिऱ्हाइकाला सुटे द्यायचंही विसरून ती पिठाच्या हातांनी बारक्याच्या दुकानाचा जिना चढली.

"बिऱ्हाडकरू गेले," तिनं दारातूनच सांगितलं. "आता बोल."

बारक्यानं डोळ्यावरचं भिंग काढलं. सदऱ्याच्या टोकानं ते पुसलं.

मग त्यानं विचारलं, "दुकान किती दिवस बंद ठेवावं लागेल गं?"

उत्तर द्यायला ती थांबलीच नाही. डॉक्टरीणबाईंना फोन लावत ती जिना उतरत होती.